श्वानपथकावरची प्रेम-रहस्य कादंबरी मराठवाड्यात घडवायची असेल तर

प्रश्न : सेलूची वाचक

नमस्कार.

गेले वर्षभर मी किंडलवर इंग्रजीतल्या एकाच प्रकारच्या कादंबऱ्या वाचते आहे. पोलीस किंवा लष्कराच्या श्वानपथकातला नायक, कधी नायिका. सोबतीला तरबेज कुत्रा. जिवावर उठलेला अज्ञात वैरी. पाठलागाच्या धामधुमीत जुळत जाणारी मने. आणि या सगळ्याच्या तळाशी कुठल्यातरी आघाताने देवावरून उडालेला व शेवटी पुन्हा बसलेला विश्वास, असा त्यांचा ठरलेला घाट आहे. हार्लेक्विन या मूळच्या कॅनडातल्या प्रकाशनसंस्थेची ‘लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स’ ही शाखा २०१३ पासून अशा मालिका काढत आली आहे. पथक एकच असते, पण प्रत्येक पुस्तक वेगळ्या लेखिकेचे, वेगळ्या जोडीचे आणि वेगळ्या कुत्र्याचे असते. त्या त्या पुस्तकातले प्रकरण तिथेच मिटते, मात्र एक मोठे रहस्य अखेरच्या पुस्तकापर्यंत ताणून धरलेले असते. पुस्तके आटोपशीर, साधारण पंचावन्न हजार शब्दांची. शिवीगाळ नाही, शय्यादृश्ये नाहीत, त्यामुळे घरात कोणाच्याही हाती निर्धास्त देता येतात. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, पण रात्रीची भांडी आवरली की त्या मला पुढचा भाग तोंडी सांगायला लावतात आणि कुत्र्याला काही झालेले नाही ना, हे आधी विचारून घेतात.

मराठीत या प्रकारचे लेखन माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून स्वतःच लिहून पाहावे असे मनात आहे. आराखडा असा आहे. नायिका किल्लारीजवळच्या एका गावातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ती पाच वर्षांची होती आणि ढिगाऱ्याखालून तिला शोधपथकाच्या कुत्र्याने हुडकून काढले. आज ती जिल्हा पोलिसांच्या श्वानपथकात आहे. नायक लष्कराच्या श्वान तुकडीतून निवृत्त होऊन आलेला नांदेडकडचा माणूस. वैरी गोदावरीच्या पात्रातल्या वाळूचोरांपैकी एक, ज्याने तलाठ्यावर प्राणघातक हल्ला केला आहे. शेवटी मे महिन्याच्या भर दुपारी कोरड्या पात्रातून कुत्रा दहा-बारा किलोमीटर माग काढत आरोपीच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पोहोचतो आणि त्याच मागाच्या जोरावर न्यायालयात शिक्षा होते.

यातले काय टिकेल आणि काय टिकणार नाही, हे जाणकारांनी सांगावे. दुसरा प्रश्न श्रद्धेचा आहे. त्या पुस्तकांतली श्रद्धा ख्रिस्ती आहे, तिथे रविवारचे चर्च आणि समजूत घालणारे पाद्री असतात. त्या जागी आपल्याकडे काय ठेवावे, की ज्यामुळे कादंबरीचे कीर्तन होणार नाही?

प्रतिसाद १ : निवृत्त हस्तक

ताई, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या श्वानपथकात हस्तक म्हणून, म्हणजे श्वानाला सांभाळून कामावर नेणारा माणूस म्हणून, बरीच वर्षे काढली. तुमचा आराखडा वाचून आनंद झाला, पण त्यातल्या तीन गोष्टी खात्यातला कोणताही माणूस लगेच खोडून काढील.

पहिली किल्लारीची. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल स्थापन झाले ते २००६ साली. १९९३ मध्ये दगडमातीचे ढिगारे उपसले ते लष्कराच्या जवानांनी, पोलिसांनी आणि गावोगावहून धावत आलेल्या माणसांनी, बऱ्याच ठिकाणी नुसत्या हातांनी. प्रशिक्षित शोधश्वानाने मुलीला काढले, असे लिहिले तर लातूर-धाराशिवकडचा वाचक पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटून ठेवील. ढिगाऱ्यातून जिवंत माणूस हुडकणारा कुत्रा तुम्हाला हवाच असेल, तर फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तानचा भूकंप आहे. तिथे गेलेल्या आपल्या पथकातल्या ज्युली आणि रोमिओ या श्वानांनी सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा दाखवून दिला होता. नायिकेला पोलिसांत न ठेवता केंद्रीय दलातून आपत्ती दलात प्रतिनियुक्तीवर पाठवले तर हे जुळते, कारण त्या दलातली माणसे सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांतूनच येतात. मुदखेडला सीआरपीएफचे आणि चाकूरला बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र असल्याने आपल्या भागातल्या मुलीला हे जग परके राहत नाही.

दुसरी गोष्ट न्यायालयाची. श्वानाचा माग हा तपासाला दिशा देतो, शिक्षा देत नाही. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका रेल्वे अपघाताच्या खटल्यात या पुराव्यावरचे आक्षेप मांडले आहेत. कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक जे सांगतो ते ऐकीव ठरते, आणि माणसाचे आयुष्य किंवा स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवता येत नाही. असा पुरावा दाखल करून घेतला तरी त्याला एरवी फारसे वजन देता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून तुमच्या कुत्र्याने आखाड्यावर पोहोचून आरोपीवर भुंकणे पुरेसे नाही. त्याने कडब्याच्या गंजीत लपवलेले हत्यार किंवा रक्ताचा सदरा दाखवला पाहिजे, त्याचा पंचनामा झाला पाहिजे आणि पंच न्यायालयात फुटता कामा नये. पंच फुटण्याची भीती हेच एक वेगळे रहस्य होऊ शकते.

तिसरी गोष्ट मागाची. ‘श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचले आहे की लोकांना त्याचे हसू येते. पण ते अपयश नसते. आरोपी तिथे गाडीत बसला, हे त्यातून कळते. मुख्यालयातून पथक निघून गावात पोहोचेपर्यंत निम्मे गाव घटनास्थळ तुडवून गेलेले असते, कोणीतरी भलेपणाने रक्तावर पाणी ओतलेले असते. अशा जागी हस्तक आधी माणसे मागे सारतो, मग आरोपीची म्हणून सांगितलेली चप्पल किंवा हात लागलेली वस्तू कुत्र्याला हुंगायला देतो. माग धरला की मान खाली जाते, चालीला एक सारखेपणा येतो आणि लांब पट्टा हातात एकसारखा ताणलेला राहतो. माग सुटला की तो ताण अगोदर ढिला पडतो, डोके वर येते, कुत्रा अर्धवर्तुळात फिरू लागतो. डोळ्यांना दिसण्याआधी हे तळहाताला कळते. इंग्रजी पुस्तकांत कुत्रा एकदम भुंकून धावत सुटतो, ते पडद्यावर ठीक आहे. बॉम्बशोधक श्वानाला तर उलट शिकवलेले असते, की वास लागला की गप्प खाली बसायचे. पंजा मारायचा नाही, भुंकायचे नाही.

आणखी दोन फरक ध्यानात ठेवावेत. तिकडे बऱ्याच ठिकाणी कुत्रा हस्तकाच्या घरी राहतो. आपल्याकडे तो पोलीस मुख्यालयाच्या श्वानगृहात असतो. त्यामुळे शेगडीजवळ नायिकेच्या पायाशी झोपलेला कुत्रा तुम्हाला मिळणार नाही. मात्र आपल्याकडे साधारणपणे एका श्वानाला दोन हस्तक नेमलेले असतात, एक रजेवर गेला तर दुसरा सांभाळतो. याचा उपयोग कसा करायचा, ते तुम्ही जाणता.

जनतेला श्वानपथकाचे अप्रूप नाही, असे समजू नका. बीड पोलिसांच्या रॉकीला सन्मानाने अखेरचा निरोप दिला गेला, तेव्हा ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला होता. तीनशेहून अधिक प्रकरणांच्या तपासात त्याने मदत केली होती. त्याआधी १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईच्या पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्रडोरने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे.

प्रतिसाद २ : गोदातीर, नांदेड

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि या प्रकाराकडे नाक मुरडणाऱ्यांपैकी नाही. साचेबद्ध असणे हा लोकप्रिय साहित्याचा दोष धरला, तर आपल्याकडच्या भाड्याने मिळणाऱ्या रहस्यकथांच्या सगळ्या पिढ्या बाद कराव्या लागतील.

त्या कादंबऱ्यांत श्रद्धा दोन रीतींनी येते आणि त्या दोन्हींत पुष्कळ अंतर आहे. दुबळ्या पुस्तकात नायिका तळघरात कोंडली जाते, डोळे मिटून प्रार्थना करते आणि पुढच्याच परिच्छेदात मदत येते. तिथे देव हा लेखिकेचा हरकाम्या झालेला असतो आणि रहस्याचा जीव गेलेला असतो. चांगल्या पुस्तकात श्रद्धा हस्तकाच्या कामातच असते. कुत्र्याला जे कळते ते हस्तकाला कळत नाही. त्याला वास येत नाही, माग दिसत नाही. सगळे वरिष्ठ उलट दिशेला बोट दाखवत असतात, तरीही ज्याच्यावर विसंबायचे ठरवले त्याच्या मागे अंधारात जावे लागते. युद्धावर सहकारी गमावलेला, कोणावरच भरवसा न उरलेला नायक हे रोज करतो आणि ते करता करता बदलतो. अशा पुस्तकात प्रार्थनेची दोन वाक्येसुद्धा पुरतात. वर काकांनी सांगितलेला तो पट्ट्याचा ताण तुम्ही नीट लिहिलात, तर श्रद्धेवर वेगळे प्रकरण लिहिण्याची गरजच पडणार नाही.

आपल्याकडे यासाठी सामग्री शोधायला दूर जायला नको. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे. माहूरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि त्याच्या माळेगावच्या यात्रेत आजही श्वानांचे प्रदर्शन भरते. यांतले एकच निवडावे आणि तेही पात्राच्या तोंडून सहज यावे; तिन्ही आणलेत तर तुम्हाला ज्याची भीती वाटते ते कीर्तन सुरू झालेच म्हणून समजा. माझी पसंती नामदेवांना आहे, कारण त्या गोष्टीत कुत्रा पुढे आहे आणि संत मागे.

चर्चच्या जागी देऊळ ठेवू नका, अखंड हरिनाम सप्ताह ठेवा. त्या पुस्तकांतले चर्च ही मुख्यतः माणसे जमण्याची जागा असते. तिथे जेवण असते, चौकशा असतात, स्थळे सुचवली जातात, आणि संशयित मंडळीही त्याच बाकांवर बसलेली असतात. सप्ताहात हे सगळे आहे. शिवाय काल्याच्या दिवसाची सबंध पंगत कोणाच्या पैशाने उठते, हा प्रश्न आपल्या गावांत कोणी मोठ्याने विचारत नाही. तुमचा वाळूचोर त्या पंगतीचा मुख्य देणगीदार असू द्या. तो वाढायला उभा आहे, हातात बुंदीचे भांडे आहे, आणि बंदोबस्तासाठी आलेल्या पथकातला कुत्रा त्याच्यासमोर येऊन थबकला आहे. या प्रसंगात नायिकेने काय करावे? तिच्यापाशी पुरावा नाही, भोवती हजारभर माणसे जेवत आहेत आणि तिची आईही त्याच पंगतीत बसलेली आहे.

प्रतिसाद ३ : पदव्युत्तर, छत्रपती संभाजीनगर

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मला प्रेमकथेच्या बाजूने थोडी तक्रार नोंदवायची आहे. या मालिकांमधली मी बरीच पुस्तके वाचली आहेत आणि माझा मुख्य आक्षेप असा आहे, की नायिका स्वतः प्रशिक्षित पोलीस असूनही दर तीन प्रकरणांनी तिला कोणीतरी पळवून नेते आणि नायकाने तिला सोडवावे लागते. खलनायक म्हणून शेवटी पथकातलाच एखादा मनमिळाऊ सहकारी निघतो, हेही आता पन्नासाव्या पानावर कळू लागले आहे. सेलूच्या ताईंनी निदान हे दोन्ही टाळावे.

दोन हस्तकांची गोष्ट मात्र मला फार आवडली. एकच श्वान, पहिली हस्तक ती, दुसरा हस्तक तो. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे भेट क्वचितच आणि ओळख बहुतांशी श्वानगृहातल्या नोंदवहीतून. ‘आज दूध कमी प्यायला’, ‘उजव्या पंज्यात काटा होता, काढला’ अशा नोंदींतून दोघे एकमेकांना वाचू लागतात. यासाठी नायकाला लष्करातून आणण्याऐवजी पोलिसांतच ठेवावे लागेल, पण मिळणारा लाभ मोठा आहे.

एक अडचण कोणीच मांडलेली नाही. अमेरिकी कादंबरीत दोघे सज्ञान असतात आणि एकमेकांना आवडतात, एवढ्यावर लग्न ठरते. आपल्याकडे आडनाव कळताच निम्मी कादंबरी तिथेच सुरू होते. जात वगळून मराठवाड्यातली प्रेमकथा लिहिली तर ती गोड होईल, पण खरी वाटणार नाही. आणि देवावरच्या विश्वासाची जी परीक्षा तुम्हाला घ्यायची आहे, ती भूकंपाइतकीच या सोयरिकीच्या बैठकीतही घेता येईल.

प्रतिसाद ४ : पशुवैद्य, उदगीर

मी फक्त कुत्र्यापुरते बोलतो.

मे महिन्यातल्या भर दुपारचा पाठलाग काढून टाका. परभणीकडे त्या दिवसांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि वाळूचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी अधिक तापतो, पंजे भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो, आणि तोंडाने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नाकाने बारकाईने हुंगता येत नाही. तापलेल्या कोरड्या वाळूवर वासही फार काळ टिकत नाही. दहा-बारा किलोमीटर तर सोडाच, अर्ध्या तासात उष्माघाताने तो आडवा होईल आणि ताईंच्या सासूबाई तुम्हाला क्षमा करणार नाहीत. हाच प्रसंग पहाटे, दव असताना, पात्रातल्या ओलसर पट्ट्यावरून दोन-तीन किलोमीटरांचा ठेवलात तर मला एक पशुवैद्य म्हणून काही म्हणायचे नाही. हस्तकाच्या पाठीवर पाण्याची बाटली असू द्या.

जातीची निवडही विचारपूर्वक करावी. माग काढण्यासाठी डॉबरमन किंवा जर्मन शेफर्ड, स्फोटकांसाठी लॅब्रडोर ही आपल्याकडची जुनी पद्धत. अलीकडे बेल्जियन मॅलिनॉइस बराच दिसतो. कोणीतरी मोहाने आपला लातूरकडचा कारवान पोलीस पथकात घालील, म्हणून आधीच सांगतो, की कारवान हा मुळात नजरेने शिकार करणारा कुत्रा आहे. लांब तोंड, खोल छाती, सशामागे सुटला तर डोळ्यांना ठरत नाही, पण जुन्या मागावर नाक लावून तासभर चालणे हा त्याचा पिंड नव्हे. त्याचाच भाऊबंद असलेला मुधोळ २०१६ च्या सुमारास लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतला, ही गोष्ट खरी आहे. तरी तुमच्या कादंबरीत कारवान घरचा असावा. १९९३ च्या त्या पहाटे पडलेल्या माळवदावर उभा राहून एकाच जागी माती उकरत राहिलेला, हुसकावले तरी न हटणारा घरचा कुत्रा, हे प्रशिक्षित शोधश्वानापेक्षा अधिक पटण्याजोगे आहे. त्याला शिकवायला कोणी लागत नाही. त्याचे माणूस खाली आहे, एवढे त्याला ठाऊक असते.

सेलूची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. किल्लारीत घरचा कारवान, पोलिसांत दोन हस्तकांचा एक डॉबरमन, सप्ताहाच्या पंगतीत देणगीदार आणि पहाटेचे पात्र, इतके आता नक्की झाले. नायक पोलिसांतलाच राहील. त्याचा मोठा भाऊ मात्र लष्कराच्या श्वान तुकडीत होता, असे ठेवते, कारण २०२३ च्या सप्टेंबरात राजौरीला आपल्या हस्तकाला वाचवताना गेलेल्या केंट या लॅब्रडोर मादीची बातमी वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. सोयरिकीच्या बैठकीबद्दल पदव्युत्तर यांचे म्हणणे पटले. ते प्रकरण मी सर्वांत शेवटी लिहीन, कारण त्याचीच मला सर्वाधिक धास्ती आहे.

हस्तककाकांना एकच विचारायचे आहे. अमेरिकी पुस्तकांत शेवटी निवृत्त कुत्रा जोडप्याच्या घरी राहायला येतो. आपल्याकडे हे शक्य आहे का?

निवृत्त हस्तक

शक्य आहे, पण आपोआप होत नाही. अमेरिकेतही ते पूर्वीपासून नव्हते. व्हिएतनामला नेलेल्या त्यांच्या हजारो लष्करी कुत्र्यांपैकी बहुतेक परत आलेच नाहीत, आणि निवृत्त कुत्रा दत्तक देण्याचा कायदा तिथे २००० साली झाला. आपल्या लष्करात कामास अयोग्य ठरलेल्या श्वानांना पूर्वी दयामरण देत असत. २०१५ च्या सुमारास दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय गेल्यानंतर धोरण बदलले.

पोलिसांत साधारण आठ ते दहा वर्षांच्या सेवेनंतर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल होतो, कार्यालयीन आदेश निघतो आणि मग श्वान हस्तकाकडे, एखाद्या इच्छुकाकडे किंवा प्राण्यांचे काम करणाऱ्या संस्थेकडे सोपवता येतो. तुमच्या कादंबरीसाठी एवढे लक्षात ठेवा, की हस्तक दोन आहेत आणि अर्जही दोन येतील. वरिष्ठांच्या टेबलावर ते दोन्ही अर्ज शेजारी शेजारी पडले आणि दोघांनी पत्त्याच्या रकान्यात एकच पत्ता लिहिलेला निघाला, तर पथकाला लग्नाची बातमी वेगळी द्यावी लागणार नाही.